शैला, तो परवाना खुला नव्हता

शैला, आमच्या घरात कागद आला की चूल थंड पडायची. तलाठ्याचा असो, कचेरीचा असो, बाप तो टोपीत घालायचा आणि वाचणारा माणूस शोधत गावभर फिरायचा. तो परत येईस्तोवर माय चुलीपुढं नुसती बसून राहायची. बाप पोखर्णीच्या रस्त्यावर खडी फोडायचा, माय दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. दोघांनाही अक्षराची ओळख नव्हती, त्यामुळं वाचणारा सांगेल ते खरं. असंच एकदा कुणीतरी म्हणालं, "तुझ्या फायद्याचं हाय, लाव अंगठा." बापानं लावला. घरामागचा शेळी बांधायचा तुकडा त्या अंगठ्यात गेला.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीची जी गत झाली ती मी तुला कधी सांगितली नाही. आम्ही परभणीत एका नातेवाइकाच्या ओसरीवर दिवस काढले, एवढंच तुला ठाऊक होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तिथून परत गेल्यावर बाप मायला म्हणाला, "पोरगीला शाळेतून काढायचं न्हाई. आपल्या घरात एक तरी कागद वाचणारं पायजे."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही, कुणी न विचारता सांगते. त्यावरून तू मला किती छळायचीस! "मंगे, रिक्षावाल्याला बी सांगितलंस का?" सांगितलं होतं, बाई. त्यानं पेढा मागितला होता.

तू गेल्यावर लोक भेटायला येतात आणि म्हणतात, शैला किती शांत होती, मनमिळाऊ होती. मी मान हलवते. तू कशाची शांत? स्टेशन रोडवर सायकलच्या दुकानावरची ती पत्र्याची खोली, आपला कंप्युटर क्लास, तिथं आपला दिवस भांडणानंच सुरू व्हायचा. खिडकी उघडी ठेवायची की बंद इथपासून. खाली टायरला हवा भरणारा मामू वर बघून ओरडायचा, "बाई लोग, आज किसपे झगडा है?" आणि तू खिडकीतून सांगायचीस, "आज अनुस्वारावर!"

खरंच अनुस्वारावर असायचं. आमच्या वस्तीतल्या विहारात गौतमकाकांनी वाचनालय काढलं होतं. पुस्तकं जमत गेली आणि शोधायची पंचाईत झाली. तू एकदा माझ्याबरोबर आलीस, मायच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्लास, नाकाडोळ्यांतून पाणी काढत काकांना म्हणालीस, "काका, तुमची सूची आम्ही कंप्युटरवर करून देतो. अकारविल्हे." काका म्हणाले, "मराठीत?" तू म्हणालीस, "मग काय इंग्रजीत?" परतीच्या एसटीत मी तुला म्हटलं की अगं, कंप्युटरला मराठी शब्द ओळीनं लावता येत नाहीत. जोडाक्षर आलं की चकतो, अनुस्वार आला की भरकटतो. तू म्हणालीस, "मग शिकवू त्याला. आपला धंदा तरी काय हाय?"

शब्द ओळीनं लावायचा भाग तू लिहायला घेतलास. पण लावलेले शब्द पडद्यावर मराठीत दिसायला हवेत, त्यासाठी अक्षरं हवीत, आणि तेवढ्यात कंपनीचा माणूस आला.

आठवतो ना? परभणीच्या मे महिन्यात टाय लावून जिना चढून आला होता. तू पहिल्यांदा त्याला पाणी दिलंस आणि मग म्हणालीस, "साहेब, तो गळ्यातला सोडा आधी, इथं माणूस मरतंय." त्यांच्या कंपनीनं मराठीत लिहायचा प्रोग्राम काढला होता. तो आपल्याला फुकट देणार होते, वर त्याचा सोर्स म्हणजे प्रोग्रामची मूळ ओळ न् ओळ दाखवणार होते. असं कुठली कंपनी करते? आपला क्लास जिल्ह्याचं केंद्र होणार होता, बाहेर त्यांची पाटी लागणार होती. परवान्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत होतं, खुला परवाना.

मला आनंद झाला, तो मी लपवला नाही. त्याच दिवशी मी सोर्सची फ्लॉपी घातली आणि वाचत बसले. काय सुंदर लिहिलं होतं! तुला हाक मारली तर तू खुर्चीच फिरवून बसलीस. "मी न्हाई बघणार. आधी परवाना वाचू दे. एकदा बघितलं की उद्या माझ्या कामातलं माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे कोण सांगणार?" मला तो शुद्ध आचरटपणा वाटला. मी म्हणाले, "सोवळं पाळायलीस का?" तू हसलीस, पण वळली नाहीस. नंतर ती फ्लॉपी तू दोऱ्यानं बांधून पत्र्याच्या डब्यात टाकलीस.

तुझ्या मामेभावानं पुण्याहून आणून दिलेल्या एका फ्लॉपीत परदेशातल्या प्रोग्रामर लोकांचा एक परवाना होता. लांबलचक, वकिली इंग्रजीत. तू डिक्शनरी घेऊन तो सबंध वाचला होतास आणि त्यातून तुझी चार बोटं निघाली होती. वापरता आलं पाहिजे, आतून बघता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, पुढं देता आलं पाहिजे. आणि हे चारही कुणालाही, कुठल्याही कामाला. अंगठा राहिला म्हणून तू तो हलवून दाखवायचीस, "हा कुणाला द्यायचा न्हाई." तुला माझ्या बापाची गोष्ट मी सांगितलेली होती. तू ती अशी वापरशील असं वाटलं नव्हतं. पण मला ते आवडलं होतं, हे आज सांगते.

मग तू फळ्यावर परवाना चालवून बघितलास. क्लासमध्ये आपण पोरींना शिकवायचो तसाच. प्रोग्राम मशिनवर टाकायच्या आधी कागदावर आकृती काढायची, काम असेल तिथं चौकोन, प्रश्न असेल तिथं शंकरपाळी, हो असेल तर एक बाण, नाही असेल तर दुसरा. मग खरा माणूस घ्यायचा आणि त्याला बाणाबाणानं चालवायचं.

"समजा, मी गौतमकाका हाय," तू खडू घेऊन म्हणालीस. "मला हा प्रोग्राम वापरायचाय. पहिलं शंकरपाळं. तुमची संस्था मान्यताप्राप्त शैक्षणिक हाय का?"

पोरी म्हणाल्या, "नाही."

"मग बाण कुठं गेला?"

"कंपनीला विचारा."

"बरं. समजा मी मंगल मॅडम. पदवीधर. मान्यताप्राप्त."

पोरी फुटल्या. मी पण.

"मी प्रोग्राम सुधारला. आता ही सुधारणा सेलूच्या मैत्रिणीला द्यायचीय. देता येते का?"

कलम वाचलं. बदल स्वतःपुरते करता येतील, ते कंपनीला कळवावे लागतील, त्यांची मालकी कंपनीची राहील, पुढं द्यायचं तर कंपनीची परवानगी. बाण परत त्याच चौकोनात. असं करत करत फळा भरला. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, सगळे बाण एकाच घरात जायलेत." तू खडू खाली ठेवलास. "ह्याला खुला म्हणत न्हाईत, पोरींनो. दार काचेचं हाय, एवढंच. आतलं दिसतं."

कंपनीचा माणूस परत आला तेव्हाचं तुझं बोलणं मी अजून पोरींना करून दाखवते.

"मॅडम, सगळं ओपन आहे. ह्या अटी म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी."

"फॉर्मॅलिटी हाय ना? मग खोडा."

"तसं खोडता येत नाही."

"मग फॉर्मॅलिटी न्हाई ती."

तो बिचारा घाम पुसत बसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं तुझे आक्षेप लिहून नेले आणि काही महिन्यांनी खरंच दुसरा मसुदा आला. मान्यताप्राप्तची अट गेली होती. बदल ज्याचे त्याचे राहणार होते, पुढं देता येणार होतं, फक्त मूळ कंपनीचं नाव ठेवायचं. शैला, परभणीतल्या एका पत्र्याच्या खोलीतून दोन बायकांनी कंपनीला अटी बदलायला लावल्या! मी खाली जाऊन मामूला भजी आणायला सांगून आले.

वर येते तर तू शेवटच्या पानावर बोट ठेवून बसलेली. एक कलम राहिलं होतं. कंपनीला वाटेल तेव्हा, कारण न देता, परवाना मागं घेता येईल, आणि घेतल्यावर सगळ्या प्रती पुसाव्या लागतील.

"हे कोण करायला बसलंय?" मी म्हणाले. "सगळ्याच करारांत असतं."

"करणार नसतील तर ठेवलं कशाला?"

"तुझी चार बोटं बसली ना सगळी? बसली. आता पाचवं काढू नको."

"मंगे, वापरा, बघा, बदला, वाटा, आणि मी म्हणले की ठेवा खाली. ह्याच्यावर आपण काकांची सूची उभी करायची? उद्या दहा गावं करतील. आणि एक दिवस पत्र येईल, पुसा."

भजी गार झाली. मी म्हणाले की आपल्याला अक्षरं काढायला किती वेळ जाईल याचा काही अंदाज आहे का तुला? काका वाट बघायलेत. क्लासला पाटीची गरज आहे. नव्वद टक्के खुला असलेला परवाना हातात आहे आणि तू उरलेल्यासाठी अडून बसलीस. घे ना सही करून. त्यांनी खुला म्हटलंय, आपण त्याला दुसरं काहीतरी म्हणू. नावाचं काय घेऊन बसलीस?

तू माझ्याकडं बघितलंस. "नावाचं काय, हे तू म्हणायलीस? तू?"

तू मसुद्याची पानं मिटलीस.

"नावासाठी तुझ्या लोकांनी काय काय सोसलं, मंगल. नाव एवढं महाग असतं. मग 'खुला' हे नाव ज्याला त्याला असं स्वस्तात लावू द्यायचं?"

मंगे नाही, मंगल म्हणालीस. मी म्हणाले, "त्या गोष्टीला ह्यात आणायचं न्हाई. तुला त्यातलं काय माहीत? तू सेलूला घरात बसलेली होतीस." तू म्हणालीस, "हो. बसलेली होते." एवढंच. मग तू पिशवी उचललीस, संध्याकाळच्या गाडीनं सेलूला गेलीस. आठवडाभर अंगात कणकण होतीच तुझ्या. घरी जाऊन आराम करते म्हणालीस. कावीळ निघाली, आणि ती उतरलीच नाही.

मी भेटायला आले तेव्हा तू झोपेत होतीस. अण्णा, तुझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभा राहणारा ताठ माणूस, उंबऱ्यात उकिडवे बसले होते. मी तुझ्या पायाशी बसले, परत आले. पुढच्या वेळी सगळं बोलू असं धरून चालले होते. अठ्ठ्याहत्तरचं सांगायचं होतं. ओसरीवरच्या त्या दिवसांत माय रात्री आम्हाला काय सांगून निजवायची, बाप का हसायचा बंद झाला, हे सगळं तुला एकदा नीट सांगायचं होतं. म्हणजे मग तुला नावाबद्दलच्या त्या वाक्याचा हक्क मिळाला असता. आता तो देता येत नाही. याची हळहळ किती दिवस राहील माहीत नाही, मला वाटतं राहीलच.

अजूनही मला वाटतं, तू तो विषय आणायला नको होता. अजूनही मला वाटतं, तू बरोबर होतीस. दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकमेकाला खोडत नाहीत.

तू गेलीस आणि थोड्याच दिवसांनी विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. पूर्ण मागितलं होतं, जुन्याच्या पुढं जोडून मिळालं. वस्तीत पेढे वाटले, रडणारे रडले. कुणी म्हणालं, अर्धंच दिलं. मी पण तेच म्हणत होते. माय चुलीपाशी रेडिओ ऐकत होती, ती म्हणाली, "दिलं ना? आता हे कुणाला परत घेता येतंय का? न्हाई येत. मग झालं."

शैला, मी तिथंच उभी राहिले. तू तासभर भांडून मला जे पटवू शकली नाहीस ते मायनं चूल फुंकता फुंकता सांगितलं. कमी मिळालं तरी चालेल, पण मिळालेलं कुणाच्या मर्जीवर टांगलेलं नको. कंपनीनं आपल्याला भरपूर दिलं होतं, आणि सगळं टांगून दिलं होतं. ते पळत येऊन तुला सांगावंसं वाटलं. एवढी भांडणं हरले तुझ्याशी, पण हरल्याचं सांगायला तू नाहीस असं पहिल्यांदाच झालं.

कंपनीला मी पत्र लिहिलं. तुमचा परवाना चांगला आहे, पण खुला नाही, म्हणून सही करत नाही. त्या माणसानं सभ्य उत्तर पाठवलं, वाईट वाटलं म्हणून. पाटी दुसऱ्या क्लासवर लागली. त्यांच्याकडं गर्दी आहे, आपल्याकडं कमी झाली. हे सांगितलं पाहिजे, कारण तू असतीस तर विचारलं असतंस.

मग अक्षरं काढायची आली आणि तिथं तुझा आचरटपणा कामाला आला. मी कंपनीचा सोर्स वाचला होता. मी अक्षरांचा भाग लिहिला असता तर माझ्या हातातून त्यांचं काही उतरलंच असतं, मला कळलंही नसतं. म्हणून मी त्याला हात लावला नाही. पोरींनी काढली अक्षरं, ज्यांनी ती फ्लॉपी कधी बघितली नव्हती. चौकटीच्या कागदावर एकेक घर काळं करत. 'श्र' तीनदा बिघडला. 'ळ' पहिल्यांदा काढला तो मुंगळ्यासारखा दिसत होता, मामू वर येऊन म्हणाला, "ये क्या बनाया, विंचू?" मी नुसती बाजूला उभी राहून चुकलं की सांगायचे. हात मागं बांधून उभं राहणं मला किती जड गेलं असेल ते तुला कळेल.

शब्द लावायचा भाग तुझाच आहे. तू तो पूर्ण करून ठेवलेला होता, फक्त एका ठिकाणी अनुस्वाराचं उरलं होतं, ते मी केलं. आणि तू सोडवत होतीस तसंच केलं, माझं म्हणणं होतं तसं नाही. बघ, हे पण भांडण तू जिंकलीस.

पण तुझं काम असं परस्पर कसं वाटून टाकायचं? ते तुझं, तुझ्यामागं तुझ्या घरच्यांचं. म्हणून सेलूला गेले. अण्णांना परवाना मराठीत वाचून दाखवला. आपल्या दोघींचा, आपल्या भाषेतला, अर्ध्या पानाचा. कुणीही वापरावा. आतून बघावा. बदलावा. कुणालाही द्यावा. दिलेला परत घेतला जाणार नाही.

अण्णा म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय, मंगल? तिचं होतं."

"अण्णा, नीट ऐका. एकदा दिलं की तुम्हाला बी परत मागता येणार न्हाई. मला बी न्हाई."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आणि कुणी बिघडवलं म्हणजे? तिच्या नावावर खपवायचं."

"बदललं तर कुणी बदललं ते लिहायचं. खाली तशी अट हाय."

"आणि तिचं नाव? ते काढता येतं का कुणाला?"

"न्हाई. तेवढं काढता येत न्हाई."

"मग दे," अण्णा म्हणाले. "ज्याला पायजे त्याला दे."

त्यांनी सही केली. देवनागरीत, पूर्ण नाव. मी त्यांना पोरींसारखं फळ्यावर चालवून दाखवणार होते, पण गरज पडली नाही. तुझी आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, तुमच्या दोघींची भांडणं इथं ऐकू यायची, शैला घरी येऊन सगळी सांगायची. हसत सांगायची म्हणे. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू चिडून जात असशील.

परवा परभणीला परतल्यावर पोरींनी फळ्यावर शंकरपाळ्या काढल्या आणि आपला परवाना चालवला. काकांना चालवलं, मामूला चालवलं, टायवाल्या साहेबाला चालवलं. साहेबाला पण देता येतो, म्हणून एक पोरगी रुसली. मी म्हणाले, त्याला देता आला नाही तर तो खुला कसला? ती म्हणाली, "शैला मॅडम असंच म्हणल्या असत्या."  मी फळा पुसायला सांगितला.

प्रोग्राम पूर्ण झाला, शैला. विहारातल्या सगळ्या पुस्तकांची सूची मराठीत, अकारविल्हे लागली. फ्लॉपीवर तुझं नाव पहिलं आहे आणि माझं दुसरं. सेलूच्या एका शाळेनं आणि चारठाण्याच्या एका मास्तरांनी प्रत नेली, त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. परवाना खुला आहे.